सफरचंदावरचं पान

मजदल शम्स, २० ऑगस्ट

चि. सौ. इन्साफ हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

यंदा आपली सफरचंदं शीतगृहात हिवाळा काढून रेड क्रॉसच्या गाड्यांतून सरहद्दीच्या कुंपणापलीकडे, तुमच्या दमास्कसच्या बाजारात जाणार हे नक्की झालं. लग्न करून तू पलीकडे गेलीस आणि परतीची वाट बंद झाली. माणसांना मिळालं नाही ते फळांना मिळालं म्हणायचं! पण बाबांना वेगळाच घोर, लेक एवढ्या ढिगातून आपलं फळ ओळखणार कशी? मग त्यांनीच तोड काढली, पानं चिकटवायची.

आठवतं ना? फळ हिरवं असतानाच द्राक्षवेलीचं कोवळं पान काकवीनं चिकटवायचं. फळ लाल होतं, पानाखालची जागा फिकट राहते. आजोबा आत्याच्या झाडाला चिकटवत, बाबा तुझ्या. यंदा मात्र सबंध बागेला! तरफा म्हणते, सासऱ्यांचं डोकं फिरलंय, डागी माल कोण घेणार.

बाबा बागेत आहेत, म्हणून त्यांची ओळ या पत्रात नाही. रुसू नकोस.

मुलांना गोड पापे. आहे ती माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा नायेफ


जरमाना (दमास्कस), ५ मार्च

नायेफदादास सा. न. वि. वि.

गाड्या आल्या म्हणतात, पण आपलं फळ काही दिसेना. रोज बाजारात जाते, एकेक सफरचंद फिरवून बघते. फळवाला अबू हमद वैतागून म्हणाला, बाई, सफरचंद घ्यायचंय की सून पसंत करायचीय?

आणि एक सांग. फोन लागला की बाबा बागेत. फेब्रुवारीतही बागेतच! गुडघाभर बर्फात ते तिथे काय करतात, झाडांना गरम माते-चहा पाजतात? मला त्यांचा आवाज ऐकायचाय रे. फार आठवण येते.

वहिनीस नमस्कार. लोभ ठेवावा, आणि पत्र जरा लांब लिहावं.

तुझी इन्साफ


जरमाना, २३ मार्च

नायेफदादास सा. न. वि. वि.

सापडली! अबू हमदनं कोपऱ्यात एक पेटी सारून ठेवली होती. असला डागी माल कुणी घेईना म्हणे. मी अख्खी पेटी उचलली आणि त्याच्याच पायरीवर बसून रडले. बिचारा घाबरून पाणी घेऊन धावला.

घरी येऊन फळं ओळीनं मांडली आणि एकेक पान निरखून बघितलं. दादा, सगळी पानं उलटी आहेत. बाबा पानाचा देठ नेहमी फळाच्या देठाकडे ठेवतात. उलटं लावायचास तू, आणि त्यापायी दरसाल कान पिळून घ्यायचास. या एकाही फळाला बाबांचा हात लागलेला नाही.

मला काय ते सरळ सांग. बाबांना काय झालंय? कळेपर्यंत एकाही फळाला सुरी लावणार नाही.

तुझी इन्साफ


मजदल शम्स, ८ एप्रिल

चि. सौ. इन्साफ हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्यापासून लपवून काही उपयोग नाही. गेल्या जुलैत बाबांची उजवी बाजू गेली. जीभही जड झाली. आवाजावरून तुला कळेल म्हणून ते फोन घेत नाहीत. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. तिला इथे येता येत नाही, उगाच तिकडे तळमळत बसेल, म्हणाले.

पानं चिकटवताना ते झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे. मी उलटं लावलं की डाव्या हातानं काठी उगारायचे. तरी मी तसाच, हात जुन्या वळणावर गेला.

तुझ्या झाडावरच्या एका फळाला मात्र त्यांनी डाव्या हातानं स्वतः पान लावलं. अर्धा दिवस गेला, पण देठ बरोबर वर. ते फळ मी तुझ्या पेटीत घालायला निघालो, तर हातातून काढून घेतलं.

ते त्यांच्या उशाशी आहे. सुरकुतून अक्रोडाएवढं झालंय. तरफा उचलायला गेली की ओरडतात. ते पाठवायचं नाही म्हणे, इन्साफच्या हातात द्यायचंय.

तू सुरी लाव. फळं गोड आहेत. आमच्यावरचा लोभ असाच राहू दे.

तुझा नायेफ