ठिपक्यांच्या प्रोग्रॅमची दुरुस्ती

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (काका, तुम्हालाही, आणि पत्र मोठ्याने वाचून दाखवताना कंसातलंही वाचायचं, गाळायचं नाही.) गुडघा कसा आहे? डोळ्यांचं विचारत नाही, कारण मागच्या वेळी विचारलं आणि ‘आता बोटांनी वाचायला शीक’ असं मी म्हणाले, तर तू फोनच ठेवलास. अंध मुलांसाठी ठिपक्यांची पुस्तकं छापण्यात जन्म घातलास, पण ती स्वतः वाचायची म्हटलं की तुझं तोंड फुगतं. तुझी नजर रोज थोडी थोडी जातेय आणि मला भीती वाटते, हे एकदा सरळच लिहिते.

तर हकीकत अशी. छापखान्यातल्या तुझ्या जुन्या युनिक्स कॉम्प्युटरने अखेर मान टाकली. नवं मशीन आलं ते दुसऱ्याच कंपनीचं. अक्षरांचे ठिपके करणारा तुझा प्रोग्रॅम त्यावर चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि शाळा उघडायला उरला होता महिना. मी साहेबांना म्हटलं, अठरा वर्षांचा जुनाट प्रोग्रॅम तसाच काय चढवायचा, नव्याने लिहून, कंपाइल करून, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवून देते! (‘जुनाट’ हा शब्द मी तू निवृत्त झालीस त्या निरोपाच्या दिवशीही सगळ्यांसमोर वापरला होता. काका, इथे थांबू नका, पुढे वाचा.)

मशीनवाल्या कंपन्यांनी मिळून केलेला तो करार तुला पाठच आहे: सिस्टिमकडे ठरलेल्या यादीतल्याच गोष्टी मागा, म्हणजे एकदा कंपाइल केलेला प्रोग्रॅम कुठल्याही कंपनीच्या मशीनवर तसाच चालेल. यादी मी वाचली होती. म्हणजे, चाळली होती. माझ्या मशीनवर हाताशी होत्या म्हणून दोन सोयीच्या लायब्रऱ्या (पुस्तकांच्या नव्हेत काका, प्रोग्रॅमचे तयार तुकडे) यादीबाहेरच्या घेतल्या. माझ्या टेबलावर प्रोग्रॅम असा पळाला की मी सगळ्यांना चहा पाजला. छापखान्याच्या मशीनवर मात्र ढिम्म. एक लायब्ररी सापडत नाही म्हणे. ती काढली, तर दुसरी सापडेना. दुसरी काढून तिचं काम हाताने लिहिलं, तर ठिपके उमटले, पण आरशात दिसावेत तसे उलटे. मुद्रितं तपासणाऱ्या ताईंनी (त्यांना जन्मापासून दिसत नाही) पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “बाई गं, हे कागदाच्या आत बसून वाचायचं का?”

असे तीन आठवडे गेले. शेवटी मी जेवायला गेलेली पाहून छापखान्यातल्या मेकॅनिकने तुझी जुनी फाइल, पुन्हा कंपाइलसुद्धा न करता, होती तशी नव्या मशीनवर टाकली. परत आले तर पानं पडत होती. ताई पानामागून पान वाचत होत्या आणि एकही चूक सापडत नाही म्हणून जरा नाराज होत्या. यादीबाहेरचं तू काही मागितलंच नव्हतंस. मी मशीनपाशी उभी राहून चक्क रडले. (हे हळू वाचा, काका.) पुस्तकं वेळेवर गेली.

तुझी
शहाणी भाची

ता. क. ह्या सगळ्यात चूक कोणाची, यावर मी वर मुद्दामच काही लिहिलेलं नाही.

ता. क. दुसरा. सोबत एक जाड कागद आहे. काका, त्याची घडी घालू नका, ठिपके दबतील. आत्या, तुझ्याच प्रोग्रॅमने छापलेली माझी माफी आहे ती, पानभर, एकही ‘पण’ न घालता. काकांना ती वाचता यायची नाही, आणि फोनवर मी सांगणार नाही. मंगळवारी तीन वाजता ताई मोकळ्या असतात, पहिलं अक्षर त्या शिकवतील. मी अडीचला न्यायला येते. नाही म्हणू नकोस.