काजाचा टाका

४ तारीख, सोमवार

पोचले एकदाची. विमानात पायांचे भोपळे झाले, पण शेजारणीला ऐकवायला झालं, म्हातारी परदेशात मास्तरीण झाली म्हणून. माझं शिक्षण म्हणजे थोरल्या नातीनं लहानपणी शाळा-शाळा खेळताना गिरवून घेतलेली अक्षरं. छड्यासुद्धा मारल्या होत्या भवानीनं. आता ती इथल्या शाळेत स्वयंसेविका आहे. तिनंच पत्र धाडलं, आजी ये, इथली पोरं फार गुणी आहेत, पोरींना शिवण शिकव, हुन्नर हाती आला तर पोटापाण्याला लागतील. सून म्हणाली, ह्या वयात कुठे निघालात? म्हटलं, घरी बसून तरी तुझे टोमणेच ऐकणार.

खोली बरी आहे. लोखंडी खाट, खिडकी, खाली अंगण. शिवणाच्या वर्गात लांब बाक, डबाभर सुया, रंगीत दोरे. नवल म्हणजे शाळाभर आपली मराठी! मोठ्या बाई, म्हणजे इथल्या मुख्याध्यापिका, दारातच म्हणाल्या, दमलीस का गं आजी. अगदी माझ्या थोरलीसारखं नाक उडवून, अगं-तुगं करून. पोरीनं काय शिकवलंय, ऊर भरून आला. थोरली स्वतः मात्र गप्प. नुसती हसते, मान हलवते.

५ तारीख, मंगळवार

थोरली गेली. सकाळी गाडी आली, पेटी घेऊन चढली. मी चांगली झापली, पाहुणीला जेवायला बोलावून ताट घेऊन पळतेस का म्हणून. तिनं माझा हात धरला, तोंड उघडलं, मिटलं. मोठ्या बाई म्हणाल्या, तिचं काम संपलं. माझ्याकडे तिनं वळून पाहिलं नाही.

९ तारीख, शनिवार

पोरी चलाख. धावदोरा एकदा दाखवला, जमला. तुरपाई तशीच. एकीला म्हटलं, डोळे आहेत की बटणं? तर तिनं शेजारणीला तेच सुनावलं, माझ्याच घोगऱ्या आवाजात. हसून हसून पोट दुखलं. मग मीही घरच्या गप्पा सांगत बसले. धाकटी नात कशी भोळी, सांगाल ते खरं मानते.

दुपारी पोलक्याची उसवलेली कड शिवायला घेतली. सुई धरून नुसती बसून राहिले. प्रवासाचा शीण, दुसरं काय.

१३ तारीख, बुधवार

शीण नाही.

काल काजं शिकवली. उभा जन्म मी शिंप्याच्या दुकानाची काजं केली, त्यावर पोरं वाढवली. आज एकीनं कापड पुढे धरलं, आजी, बघ. बघितलं. सुरेख होतं. कसं करतात तेच मला कळेना. हात सुईसमोर थांबला, परक्याच्या दारात थांबावा तसा.

जे शिकवते ते माझं राहत नाही.

१६ तारीख, शनिवार

स्वयंपाकिणीच्या गळ्यात माझ्यासारखाच स्वयंसेवकाचा बिल्ला आहे. इतके दिवस लक्षच गेलं नव्हतं. विचारलं, कुठली गं तू, काय शिकवायचीस. ती डाव फिरवत राहिली. अंगणातली पोरच म्हणाली, ती गणित शिकवायची, सगळं आम्हाला देऊन टाकलं.

मोठ्या बाईंना जाब विचारला. वाईट वाटून घेऊ नकोस गं, म्हणाल्या, थोरलीच्या लाडिक सुरात. इथे असंच शिकतात. सुटायचं तर आपल्या हातानं पत्र लिहून घरचं माणूस बोलवायचं. ते आलं की गाडी येते. स्वयंपाकिणीनं कुणाला बोलावलं नाही. तुझ्या थोरलीनं बोलावलं.

म्हणजे तिला माहीत होतं. पाकीट चिकटवताना माहीत होतं. बोलणं दिलं तिनं, लिहिणं तेवढं राखून ठेवलं — माझ्यासाठी. परक्यानं केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. माझ्या मांडीवर वाढलेलीनं केसानं गळा कापला.

१९ तारीख, मंगळवार

तोंड शिवून बसले वर्गात. तरी पोरी बघतात. बघूनही शिकतात. एकीनं गुडघा धरून उठायची माझी तऱ्हा उचलली. मग मला बाकावरून उठता येईना. त्यांनीच उठवलं, हसत.

मोठ्या बाईंनी कोरा कागद ठेवलाय. धाकटीला लिही म्हणतात. आजीचं वाकडं अक्षर बघितलं की धावत येईल ती.

२१ तारीख, गुरुवार

खोटं कशाला. लिहिलं. धाकटे, ये, इथली पोरं फार गुणी — थोरलीचंच वाक्य. शब्द न शब्द. फाडून टाकलं.

तिनं कसं लिहिलं असेल ते कळलं. कळलं म्हणून माफ नाही.

धाकटीच्या गालाला खळी होती की तीळ? मी सांगितलं होतं वर्गात. पोरींना ठाऊक आहे. मला —

२२ तारीख, शुक्रवार

लिहिता येतंय तोवर हे लिहून घेणार. मग मला लिहिता येऊच नये, म्हणजे धाकटीला पत्र जाणार नाही. खडू उचलला. म्हटलं, बसा गं, आज अक्षरं.

मोठ्या बाई धावत आल्या, फळा पुसू लागल्या. पोरी एका आवाजात ओरडल्या, माझ्या आवाजात — गप बस भवाने, आजी शिकवतेय.

बाई मागे सरल्या. पहिल्यांदाच त्या भ्यालेल्या दिसल्या. बरं वाटलं.

२३ तारीख, शनिवार

अक्षरं अंधुक. नाव ओठावर येऊन अडावं तशी.

बाई रागावलेल्या नाहीत. हसतात. का —

पोरीची पाटी बघितली. माझं अक्षर. तसंच वाकडं. खाली खाली जाणारी ओळ. बाईंनी त्यांनाच कागद दिलाय. लिहितात. खळी, तीळ, सगळं ठाऊक त्यांना —

मीच शिकवलं.

ही वही खिडकीतून टाकते. कुणी — घरी —

धाकटे, माझ्या अक्षरातलं पत्र आलं तर खरं मानू न