शहराचा मध्यबिंदू आणि बाईंचे गुलाब

ती. दादास,

धाकट्या चुलत बहिणीचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबरेत चमक भरते, पण ती बादल्या उचलल्यामुळे. त्या प्रकरणाकडे येतेच.) इकडे सर्व ठीक आहे. बाबांचा रक्तदाब औषधाने खाली राहतो आणि आई तो वर नेण्याचा तिच्या परीने प्रयत्न करत असते. तुझी तब्येत कशी आहे? उभ्याने काम करायचं जे टेबल तुला कंपनीने दिलं, त्याच्यासमोर तू आता उंच खुर्ची टाकून बसतोस, असं वहिनींकडून कळलं. प्रगती ऐकून बरं वाटलं.

पत्र लिहिण्याचं कारण म्हणजे तुझे आभार मानणे. आमच्या पाणीपुरवठा खात्याचे साहेब कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि त्यांना डॅशबोर्डाचा ध्यास लागला. कुठेही पाइप गळला की नागरिकाने वेबसाइटवर तक्रार टाकायची, नकाशावर लाल ठिपका उमटायचा आणि खोदकामाच्या टोळीने मोबाइलवर तो ठिपका बघून थेट तिथे कुदळ मारायची, अशी ती कल्पना. खात्यात कॉम्प्युटर सुरू आणि बंद दोन्ही करता येणारी मी एकटीच, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. मी घाबरून तुला फोन केला, तेव्हा तू म्हणालास, "अगं, नकाशा म्हणजे काय, एका दुपारचं काम." दादा, ती दुपार कुठल्या ग्रहावरची होती तेवढं एकदा कळव. इथे पावसाळा येऊन गेला.

सगळ्यात आधी वेबसाइट उभारायला तू सुचवलेला तो अगदी नवा तयार सांगाडा, म्हणजे फ्रेमवर्क, मी घेतलं. ते उतरवून घेताना त्याच्या मागोमाग त्याचे इतके नातेवाईक कॉम्प्युटरमध्ये राहायला आले की माझ्या स्वतःच्या फायलींना जागा उरली नाही. (त्यातला एक जण फक्त आकडा सम आहे की विषम एवढंच बघतो. बाकी दिवसभर काय करतो, देव जाणे.) सगळे स्थिरस्थावर होईपर्यंत वर सूचना आली की हे आता जुनं झालं, नवं घ्या. मग मी ठिपके टाकले. ते दाखवायला साहेबांनी वरच्या कार्यालयातले पाहुणे बोलावले होते. पडद्यावर नकाशा उघडला तर आमच्या शहरातली एकूण एक गळती भर समुद्रात, किनाऱ्यापासून चांगली लांब. साहेब पाहुण्यांना म्हणाले की हा पुढच्या काळातला विस्तार आहे. पाहुण्यांनी मान डोलावली आणि एकाने टिपूनही घेतलं.

तुला विचारलं तर तू हसून म्हणालास, "अक्षांश-रेखांश उलटे पडले असतील, सगळ्यांचं होतं." सगळ्यांचं होतं तर आधी सांगायला तुझं काय जात होतं? आता कळलं की एका लायब्ररीला (म्हणजे आयत्या कोडच्या पोतडीला) अक्षांश आधी लागतो आणि दुसरीला रेखांश, आणि दोघी एकाच स्वयंपाकघरातल्या जावांसारख्या, आपलंच बरोबर समजून एकमेकींना एका शब्दाने सांगत नाहीत. मी दोघींची समजूत घातली. शहर पाण्यातून बाहेर आलं. वेबसाइट सुरू झाली.

आता मुख्य हकीकत. लोक पत्ता कसा लिहितात हे तुझ्यासारख्या थोर माणसाच्या गावीही नसेल. "बाजाराच्या मागे, पिवळ्या भिंतीजवळ." "मागच्या वेळी गळत होतं तिथेच." एकाने नुसतं "आमच्याकडे" असं लिहिलं. पत्त्यावरून जागा शोधणारी जी सेवा आहे, तिला यातलं काहीच कळेना. तेव्हा तू सल्ला दिलास की जागा रिकामी सोडू नकोस, सापडलं नाही तर शहराचा मध्यबिंदू दे. मी दिला. जवळजवळच्या ठिपक्यांचं मिळून एक मोठं वर्तुळ करायचं हेही तूच सुचवलंस. आणि एकाच जागेच्या तक्रारी पुन्हा आल्या तर त्या आधीच्या तक्रारीत मिळवून टाकायच्या, हाही तुझाच सल्ला. (तीनही सल्ले मी निमूटपणे पाळले. अशी आज्ञाधारक बहीण मिळायला भाग्य लागतं.)

कॉम्प्युटरने मोजून काढलेला शहराचा मध्यबिंदू एका छोट्या घराच्या अंगणात निघाला, गुलाबाच्या वाफ्यात. तिथे एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर बाई एकट्या राहतात. आठवडाभरात त्यांच्या डोक्यावर एवढं लाल वर्तुळ जमलं की साहेबांनी आणीबाणी जाहीर केली. टोळी गेली. बाईंनी मुकादमाला परोपरीने सांगितलं की माझ्याकडे थेंबही गळत नाही. तो अत्यंत सभ्य माणूस आहे. त्याने मोबाइल त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाला, "बाई, तुमचं खरं असेल, पण हा इथेच म्हणतोय." गुलाब गेले. खाली काही सापडलं नाही. माती ढकलून टोळी परतली, पण तोवर बिनपत्त्याच्या आणखी तक्रारी येऊन वर्तुळ आणखी फुगलं होतं, म्हणून दुसऱ्या बाजूने खणायला पुन्हा गेली. या खेपेला कुदळीने त्यांचा चांगला धडधाकट पाइप फोडला. कुणाच्या लक्षात आलं नाही. खड्डा बुजवला आणि साहेबांनी नकाशावर ते घर "तपासणी पूर्ण" म्हणून कायमचं बंद करून टाकलं.

म्हणजे शहरात जिथे गळती नव्हती तिथे दोनदा खोदलं आणि खरोखरच गळायला लागलं तेव्हा खोदायला बंदी. एवढी अचूकता हाताने काम करून साधली नसती.

गुलाबांबद्दल दिलगिरी व्यक्त करायला साहेबांनी मला पाठवलं. फाटकापासून पायरीपर्यंत चिखल होता. बाई पायरीवर बसल्या होत्या, शेजारी रिकामी बादली. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

"ती नकाशावाली तूच का?"

मी हो म्हटलं.

"मग तुझ्या नकाशाला निरोप दे. गळती सापडली. त्याच्याच माणसांनी करून ठेवली आहे." मग म्हणाल्या, "चहा विचारला असता, पण पाणी नाही."

दादा, हे त्या टोमण्याने म्हणाल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. त्यांनी स्वतः वेबसाइटवर तक्रार टाकली होती, पत्त्यासकट, शुद्धलेखनासकट. मी तिथेच त्यांच्या शेजारी बसून मोबाइलवर पुन्हा टाकली. उत्तर आलं, "ही तक्रार आधीच नोंदवलेली असून तिचं निवारण झालं आहे. आपला अनुभव कसा वाटला?" खाली पाच तारे. बाईंनी मला ते मोठ्याने वाचायला लावलं. ऐकून म्हणाल्या, "आमच्या एक्स्चेंजमध्ये लाइन लागायची नाही, तेव्हा आम्ही लाइन लागत नाही असं तरी सांगायचो." ते उत्तर मीच लिहिलं होतं, एकाच जागेवरून पुन्हा येणाऱ्या प्रत्येक तक्रारीसाठी. लिहिताना मला ते फार सभ्य वाटलं होतं.

ऑफिसात परत येऊन साहेबांना सगळं सांगितलं. ते कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाले, "प्रणालीतून येऊ दे. तूच बनवलीस ना?" मुकादमाकडे गेले तर त्याचा जीव तुटत होता, पण बंद केलेल्या घरी गेला तर त्याची हजेरी लागत नव्हती. (हजेरीही मोबाइलच लावतो. ही सोय साहेबांची, तुझी नाही. प्रत्येक श्रेय तुलाच द्यावं असं नाही.) मग ऑफिसला जाताना आणि येताना मी शेजारच्या घरून बाईंसाठी बादल्या वाहायला लागले. अर्ध्या पाण्याने माझी चप्पल भिजायची. बाई दारात उभ्या राहून म्हणायच्या, "सावकाश, सांडलेलं नकाशावर येईल."

दुरुस्ती सोपी होती, हे मलाही कळत होतं. मध्यबिंदू काढून टाकायचा. तेवढ्यासाठीच मी एका सकाळी फाइल उघडली. पण पुसायला गेले आणि साहेबांचं "प्रणालीतून येऊ दे" आठवलं. मी दोन आकडे पुसले आणि दुसरे दोन घातले. (अक्षांश आधी की रेखांश, हे आता झोपेतही चुकत नाही.) दुपारपर्यंत बिनपत्त्याच्या सगळ्या तक्रारी साहेबांच्या बंगल्यासमोरच्या हिरवळीवर गोळा झाल्या आणि भलंमोठं लाल वर्तुळ तयार झालं. मुकादम आज्ञाधारक माणूस. टोळी घेऊन गेला.

साहेबांचा फोन आला. मागे कुदळीचा आवाज येत होता.

"हे ताबडतोब थांबव."

"साहेब, वेबसाइटवर तक्रार नोंदवा ना."

 मग हळू आवाजात म्हणाले, "नोंदवली. निवारण झालं म्हणतंय."

संध्याकाळच्या आत बाईंचा पाइप नवा झाला. साहेब स्वतः उभे होते. मुकादमाने कुणी न सांगता वाफे सारखे करून दिले. आता बिनपत्त्याची तक्रार आली की ऑफिसातून माणूस फोन करून विचारतो, नक्की कुठे गळतंय. म्हणजे वेबसाइटच्या आधी होतो तिथेच आम्ही आलो आहोत. साहेब मात्र त्याला "मानवी पडताळणीचा टप्पा" म्हणतात आणि पुढच्या परिषदेत तो मांडणार आहेत. माझी नोकरी शाबूत आहे. माझ्यावर रागवायचं तर काय झालं ते कागदावर लिहावं लागेल, आणि ते साहेबांना परवडणारं नाही.

वहिनींना नमस्कार, छोट्याला पापा. तुझ्याकडे आणखी काही सल्ले शिल्लक असतील तर ते तूर्त जपून ठेव.

तुझी (पत्रापुरती तरी) नम्र,
धाकटी

ता. क. : एक किरकोळ काम होतं. बाईंच्या घराची वरची खोली रिकामी आहे. खिडकी आहे, टेबल मावतं आणि दार आतून लागतं. इथे आमच्या दोन खोल्यांत मी पोळपाट सरकवून ओट्यावर लॅपटॉप ठेवते आणि मी काम करते आहे यावर घरात कुणाचा विश्वास बसत नाही. ती खोली मी भाड्याने घ्यावी असं मनात आहे. मुलगी गावातल्या गावात वेगळी राहणार, हे बाबांना माझ्या तोंडून झेपायचं नाही. ते तुझंच ऐकतात. तू फोन करून सांग, तुला जमतं.

पुन्हा ता. क. : वर "मनात आहे" असं लिहिलं ते पत्राच्या ओघात. खोली घेतली आहे आणि किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. तेव्हा बाबांची परवानगी मागू नकोस, फक्त सांग. शनिवारी सामान हलवायचं आहे. सकाळी गाडी घेऊन ये, आणि मागची सीट काढूनच आण, कपाट आईचं आहे, मोठं आहे. ते ने म्हणून तिनेच सांगितलं.