काष्टीच्या घरगाडीच्या चार बॅटऱ्या निष्काळजीपणाखाली बदलून मिळणेबाबत

प्रति,
मा. भांडार व वाहन अधिकारी,
'सावली' फिरते पाळणाघर प्रकल्प,
विभागीय कार्यालय, अहिल्यानगर.

अर्जदार : सौ. मरिया शांतवन ओहोळ, सेविका, घरगाडी क्र. ३, हंगामी मुक्काम काष्टी, ता. श्रीगोंदा (कायमचा पत्ता : राहाता).

विषय : घरगाडी क्र. ३ च्या चारही बॅटऱ्या नियम ४ (ड), म्हणजे देखभालीतील निष्काळजीपणा, याखाली एकदम बदलून मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे अर्ज दि. ३ नोव्हेंबर, २४ नोव्हेंबर व १५ डिसेंबर २०२५.
२) आपले ज्ञापन, बॅटरीच्या पाण्याच्या वापराबाबत.
३) आपली 'कारणे दाखवा' नोटीस, नवी बॅटरी न जोडल्याबाबत.

महोदय,

अर्जदाराचा हा चौथा अर्ज आहे. आधीचे तीन पोहोचल्याची पोच तिच्याजवळ आहे. वाचल्याची पोच देण्याची पद्धत आपल्या कार्यालयात नसल्याने सर्व हकिगत पहिल्यापासून सादर करीत आहे.

१. घरगाडी क्र. ३ ही जुनी मिनीबस आहे. मागच्या भागात अर्जदार व तिचे पती, गाडीचे चालक श्री. शांतवन, राहतात. पुढच्या भागात आठ झोळ्या, दोन पंखे आणि दुधासाठी एक लहान फ्रिज आहे. ऊसतोडीच्या हंगामात गाडी तोडणी टोळीच्या कोप्यांशेजारी, म्हणजे झोपड्यांशेजारी, उभी असते. टोळी पहाटे चारला फडावर निघते, तेव्हा आया आपली तान्ही मुले गाडीत देतात आणि संध्याकाळी परत नेतात. सध्या पटावर अकरा मुले आहेत. आठ झोळ्यांत अकरा मुले कशी निजवावीत याबाबत अर्जदाराने आजवर एकही अर्ज केलेला नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

२. गाडीच्या इंजिनाची बॅटरी वेगळी असून तिच्याबद्दल काही म्हणणे नाही. दिवे, पंखे आणि फ्रिज यांच्यासाठी बाकाखाली आणखी चार बॅटऱ्या आहेत. त्या छतावरच्या सोलर पट्ट्यांवर चार्ज होतात आणि रात्रभर घर चालवतात, म्हणजे चालवत असत. त्या प्रकल्पाइतक्याच जुन्या, सहा वर्षांच्या आहेत. इतकी वर्षे त्या टिकल्या याला कारण अर्जदाराचे पती. त्यांनी एस.टी.च्या आगारात बॅटरीखोलीत एकतीस वर्षे काढली. दर रविवारी उपासनेहून आले की शर्ट बदलायचा आणि बाकाखाली शिरायचे, हा त्यांचा नेम आहे. चोवीसच्या चोवीस सेलची झाकणे उघडून पाण्याची पातळी बघणे, कमी असेल तिथे रेषेपर्यंत भरणे, टोकांवर आलेला पांढरा क्षार सोड्याच्या पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावणे आणि प्रत्येक सेलचा आकडा वहीत उतरवणे, एवढे झाल्याशिवाय ते जेवत नाहीत. अर्जदाराच्या लग्नाला अडतीस वर्षे झाली. तिच्या तब्येतीची अशी चौकशी दर आठवड्याला झाल्याचे तिला आठवत नाही.

३. तथापि वय कुणाला चुकत नाही. गेल्या दिवाळीपासून या बॅटऱ्या दिवसा चार्ज होतात, पण चार्ज धरत नाहीत. संध्याकाळी दिवे लावले की नऊपर्यंत फ्रिज बंद पडतो आणि मध्यरात्रीपूर्वी दिवेही जातात. पहाटे चारला, म्हणजे मुले घ्यायच्या वेळी, गाडीत मिट्ट काळोख असतो.

४. दि. ३ नोव्हेंबरच्या अर्जावर आपल्याकडील तपासनीस आले, याबद्दल अर्जदार आभारी आहे. ते भर दुपारी साडेबाराला आले. डोक्यावर ऊन, सोलर जोरात, त्यामुळे मीटरवर आकडा दिसायचा तसा उत्तम दिसला. पतींनी विनंती केली की साहेब, सोलरची वायर काढा, पंखे-फ्रिज चालू करा आणि अर्धा तास बसून मग मीटर लावा. तपासनीस म्हणाले, तसा रकाना फॉर्मात नाही. मग संध्याकाळपर्यंत थांबा म्हटले, तर त्यांना अजून दोन गावे करायची होती. त्यांनी 'सुस्थितीत' असा शेरा मारला, अर्जदाराच्या हातचा चहा घेतला आणि गेले. चहाच्या दुधाला किंचित वास होता, तो फ्रिजमुळे, हे त्या वेळी सांगायचे राहून गेले.

५. त्यानंतर आपले ज्ञापन आले. त्यात या गाडीत वर्षभरात बावीस लिटर बॅटरीचे पाणी लागले, शेवगावच्या घरगाडीत मात्र एक थेंबही लागला नाही, तरी हे पाणी कोणी व कशासाठी वापरले याचा लाभार्थी बालकांच्या संख्येसह खुलासा मागितला आहे. खुलासा असा की ते पाणी बॅटऱ्या प्यायल्या. लाभार्थी बालके टँकरचे पाणी पितात. शेवगावला एक थेंबही का लागला नाही, त्याचे कारण पुढे येईल.

६. दि. १५ डिसेंबरच्या अर्जानंतर नियम ४ (ब) प्रमाणे, म्हणजे सुस्थितीतील संचापैकी वर्षाला एक, अशी एक नवी बॅटरी मिळाली. ती पतींनी जोडली नाही. जुन्या तिघींबरोबर नवी जोडली तर जुन्या काही नव्या होत नाहीत, नवी मात्र दोन-चार महिन्यांत जुनी होते; बदलायच्या तर चारही एकदम, ही त्यांच्या आगाराची रीत. अर्जदाराला त्यांनी हे तीन म्हाताऱ्या बैलांशेजारी खोंड जुंपल्यासारखे आहे असे समजावले, तेव्हा लगेच कळले. आपल्या कार्यालयाला कळावे म्हणून तेच लेखी पाठवले होते. त्याला उत्तर म्हणून नोटीस आली. वर्षाला एक या हिशेबाने चौथी नवी बॅटरी येईल तेव्हा पहिली पुन्हा बदलायला आलेली असेल, हे नोटीस काढणाऱ्यांच्या लक्षात आले नसावे. त्यांच्यावर कामाचा ताण असतो, हे अर्जदार जाणते.

७. आता शेवगावविषयी. तेथील घरगाडीचे चालक श्री. मच्छिंद्र यांचा स्वभाव चांगला आहे. त्यांनी दोन वर्षांत बॅटरीचे एकही झाकण उघडले नाही. बॅटऱ्या कोरड्या पडल्या, फुगल्या, एकीचा डबा तडकला. नियम ४ (ड) म्हणतो की निष्काळजीपणामुळे पूर्ण संच निकामी झाल्यास सेवा खंडित होऊ नये म्हणून नवा संच तात्काळ द्यावा आणि चालकाकडून कबुली घ्यावी. श्री. मच्छिंद्र यांनी कबुली दिली. नवव्या दिवशी त्यांना चार कोऱ्या बॅटऱ्या मिळाल्या. नारळ फोडला, फोटो काढला, आणि तो अर्जदारालाही मोबाईलवर पाठवला. ते मनाने मोकळे असल्याने त्यांनी अर्जदाराच्या पतींना फोन करून मार्गही सांगितला : "काका, पानी घालून घालून तुमीच तर त्यांना जितं ठेवलंय. मरू द्या की. आठ दिसांत चार नव्या."
पतींनी फोन ठेवला, शर्ट बदलला आणि रविवार नसताना बाकाखाली शिरले.

८. अर्जदार येथवर हसत लिहीत आली आहे. यापुढे तिला हसू येत नाही.
दि. ८ जानेवारीस पहाटे नेहमीप्रमाणे गाडीत अंधार होता. त्याच आठवड्यात टोळीत आलेली रंगुबाई आपली सात महिन्यांची मुलगी घेऊन दाराशी आली आणि तशीच परत फिरली. मुलीला तिने फडात नेले, बांधाकडेला पोत्यावर निजवले आणि वर उसाचे वाळलेले पाचट उभे केले, ऊन लागू नये म्हणून. नऊच्या सुमारास भरलेली ट्रॉली मागे घेताना चालकाला पाचट दिसले. पाचटाखाली मूल आहे हे कसे दिसणार? रंगुबाईचा नवरा सहादेव मोळी टाकून धावला. मूल उचलले गेले. पोत्यावरून चाक गेले.
संध्याकाळी रंगुबाई मुलीला घेऊन गाडीत आली. अर्जदाराने तिला विचारले की दार का वाजवले नाहीस. ती म्हणाली, "बाई, गाडीत उजेड न्हाई म्हंजी तुमी आजारी आसाल वाटलं. आजारी मान्साला कशाला उठवायचं?"
त्या दिवसापासून अर्जदार साडेतीनला उठून मोबाईलची बॅटरी लावून दारात उभी राहते. तरी पटावरच्या अकरांपैकी सहाच मुले येतात. बाकीची पाच फडात असतात. त्यांच्या आयांना अर्जदार दोष देत नाही. अंधाऱ्या गाडीत तिनेही आपले मूल दिले नसते.

९. सबब अर्जदाराने नियम ४ (ड) चा कबुलीचा छापील नमुना आणला. त्यात 'मी हेतुतः वा आळसाने बॅटऱ्यांमध्ये पाणी भरले नाही' असे वाक्य असून खाली चालकाची सही लागते. शिवाय हे नाव कार्यालयाच्या फलकावर तीन महिने लावले जाईल अशी टीप आहे. पतींच्या आगारातील बरेच जुने लोक कामानिमित्त आपल्या कार्यालयात येतात. नमुना चार दिवस फ्रिजवर पडून होता. अर्जदाराने सही करा असे एकदाही म्हटले नाही. खोटी सही ही खोटीच, आणि ती कुणी कुणाला करायला सांगू नये असेच दोघे वाढले आहेत. शुक्रवारी सकाळी फक्त चार मुले आली. पतींनी झोळ्यांकडे पाहिले, चष्मा लावला, सही केली आणि म्हणाले, "अर्ज तू लिही. पोरं आत आली पायजेत."
मागील वर्षी आपल्याच हस्ते मिळालेले 'उत्कृष्ट देखभाल' प्रशस्तिपत्र त्यांनी स्वतः भिंतीवरून काढून दिले. कबुली आणि प्रशस्तिपत्र एकाच माणसाच्या नावे राहिल्यास आपल्या दप्तरात अडचण होईल, असे त्यांचे म्हणणे पडले.

तरी विनंती की,

(क) सोबतची कबुली ग्राह्य धरून श्री. शांतवन ओहोळ यांना निष्काळजी ठरवावे आणि चारही बॅटऱ्या एकदम द्याव्यात. हंगाम मार्चमध्ये संपतो. त्यानंतर टोळी गावी जाईल, गाडीत दिवे लागणार नाहीत आणि सर्व बॅटऱ्या पुन्हा सुस्थितीत दिसतील.

(ख) आधी मिळालेली एक नवी बॅटरी परत न्यावी. तिचे सील तसेच आहे.

(ग) पंचनाम्यास येणाऱ्या साहेबांनी कृपया बॅटऱ्यांची झाकणे उघडू नयेत. कबुलीप्रमाणे त्या कोरड्या असायला हव्यात, म्हणून काल पतींनी पिचकारी घेतली आणि पहिल्या सेलमधले पाणी काढले. बराच वेळ ते पिचकारी हातात धरून बसले. मग ते पाणी त्यांनी परत भरले. साहेबांपासून काही लपवावे असे अर्जदाराच्या मनात नाही : चोवीसही सेलमध्ये पाणी रेषेपर्यंत आहे. सही त्यांच्याच्याने झाली, हे झाले नाही.

आपल्या प्रकल्पाची नम्र सेविका,
(सही)
सौ. मरिया शांतवन ओहोळ
घरगाडी क्र. ३, काष्टी
दि. १९ जानेवारी २०२६

सोबत :
१) निष्काळजीपणाची कबुली, नमुना ड, मूळ प्रत.
२) 'उत्कृष्ट देखभाल' प्रशस्तिपत्र, मूळ प्रत, परत.
३) पटावरील अकरा मुलांची यादी, फडात जाणाऱ्या पाचांच्या नावापुढे खूण केली आहे.