चौथा बोल्ट कोणी मोडला

नाना,

पिंपळनेरच्या आबांची ती गोल बोनेटची पांढरी गाडी गेल्या आठवड्यात आपल्या धुळ्याच्या गॅरेजमध्ये परत आली. चालत नाही आली, ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली. बरीच वर्षं कांद्याच्या चाळीशेजारी उभी होती म्हणे, आणि आता नातवाची वरात त्याच गाडीतून काढायची असा आबांनी हट्ट धरलाय. म्हणजे इंजिन पूर्ण खोलायचं. बोनेट उघडलं आणि माझी नजर आधी कुठे गेली ते तुम्हाला सांगायला नको. धूर बाहेर नेणारा बिडाचा जाड पाइप इंजिनाला जिथे आवळलेला असतो, तिथला पुढून चौथा बोल्ट.

अडकलेला बोल्ट काढायची तुमची रीत म्हणजे रुसलेल्या जावयाला जेवायला उठवणं होतं. तारेच्या ब्रशने गंज झाडायचा, डिझेल-रॉकेल सोडायचं, बारक्या हातोडीने डोक्यावर टकटक करायची आणि दुसऱ्या कामाला लागायचं. तरी ऐकला नाही तर गॅसने तापवून मेणबत्तीचा तुकडा टेकवायचा. लोडशेडिंगमुळे आपल्या घरात त्या तुकड्यांना कधी तोटा नव्हता. मेण वितळून आट्यांत उतरायचं. मग पाना लावायचा, तोही आधी सोडायच्या नाही, तर केसभर आवळायच्या दिशेला. “पहिले त्यानी झोप मोड,” तुम्ही म्हणायचात, “मान नको मोडू.” मी तेव्हा तिशीतला, दोन लेकरांचा बाप. मला वाटायचं, म्हाताऱ्याला वेळ जात नाही म्हणून हे लाड चाललेत.

तेव्हा हीच गाडी आपल्याकडे कामाला होती आणि आबांच्या मुलीचं लग्न तीन दिवसांवर आलं होतं. तुम्ही सकाळी चौथ्या बोल्टवर मेण उतरवलंत आणि त्या पाइपाच्या जोडात बसणारं पॅकिंग आणायला जळगावच्या बसला निघालात. जाताना मला बजावलंत, “मी येस तोवर त्याले हात नको लावू.” दुपारी आबांचा फोन आला, गाडी लवकर हवी. मी जोर मिळावा म्हणून पान्याच्या दांड्यावर हातभर पाइप चढवला आणि दोनदा अंग टाकलं. तिसऱ्यांदा पाना एकदम हलका झाला, आणि क्षणभर मला वाटलं, सुटला. पाहतो तर बोल्टचं डोकं पान्यात, आणि खुंट आत इंजिनात.

तुम्ही संध्याकाळी आलात. खुंट पाहिलात. पिशवी ठेवलीत, खुंटावर ठोकायचा पंच घेतलात आणि वाकलात. तुमचा उजवा हात तेव्हा थरथरायला लागला होता, पण रिकामा असला तरच. मांडीवर ठेवलेला असला की थरथरायचा, अवजार धरलं की गप्प. हे मला माहीत होतं, आबांना नव्हतं. ते नेमके तेव्हाच आत आले. “हाऊ बोल्ट कोनी तोडा?” त्यांनी विचारलं. आणि मी म्हणालो, “नानांच्या हातून गेला. वय झालं ना आता, हात थरथरतो.”

तुम्ही पंच खाली ठेवलात. माझ्याकडे पाहिलंत, रागाने नाही, मी कोण ते आठवत असल्यासारखं. हात रिकामा झाला तसा थरथरायला लागला, आणि माझ्या खोट्याला तोच पुरावा मिळाला. मग तुम्ही तो हात खिशात घातलात आणि आबांना म्हणालात, “हा, मन्हाच हातथीन तुटना.” आबा भला माणूस. “नाना, आते बठ्ठं पोऱ्यावर सोडी द्या, आराम करा,” असं मायेनेच म्हणाले. मी पाना पुसायला घेतला. वेळ मारून नेली, उद्या सांगू, असं माझं चाललं होतं. घरी जेवताना तुम्ही आईलाही तेच सांगितलंत. तिने भाकरी माझ्या ताटात टाकली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, “त्यासना हात कामवर कधी चुकना नही.” मी ठेचा खाल्ला आणि तिखट लागलं म्हणून पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही खुंटावर नट वेल्ड केलात, खुंट अलगद फिरवून बाहेर काढलात आणि नवा बोल्ट बसवलात. ते तुमचं शेवटचं काम. लग्नाच्या मांडवातून बातमी साक्रीपर्यंत गेली. गिऱ्हाइकं मला बाजूला घेऊन सांगायची, काम तूच कर बरं, नानांकडे देऊ नको. मी “बरं” म्हणायचो. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं, नाना. तुम्ही स्टुलावर बसून डब्यांतले नट आणि वायसर निवडत राहिलात, आणि मी जवळ आलो की उजवा हात डाव्या हाताखाली लपवायचात. घरातल्याच माणसापासून लपवायचात. अशी दोन वर्षं गेली, आणि मग तुम्ही गेलात. मी रोज सांगणारच होतो.

आता ही गाडी. बाकीचे सगळे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. ते मी तापवले, मेण उतरवलं, केसभर आवळून मग सोडवले. तुमचीच रीत, आता मलाही घाई नसते. चौथ्याला हात लावायचं मात्र दोन दिवस टाळलं. परवा पाना लावला, तर तो एका दाबात फिरला आणि पुढे नुसत्या बोटांनी निघून हातात आला. आट्यांवर तुमचं काळं ग्रीस अजून होतं. आदल्या दिवशी माझ्यामुळे मान खाली घालावी लागली, आणि तरी तुम्ही सकाळी येऊन एकेका आट्याला ग्रीस लावलं होतंत, पुढे खोलणाऱ्याला त्रास नको म्हणून. पुढे खोलणारा मीच असणार, हे तुम्हाला माहीत होतं. मी बोनेटखाली वाकल्या वाकल्या रडलो.

आबा मागे खुर्चीत बसले होते. त्यांना आता फारसं दिसत नाही, म्हणून चौथा निघाला एवढं मी सांगितलं. “हाऊच ना तो?” त्यांनी विचारलं. “नानानी तोडेल?” तोच प्रश्न मला दुसऱ्यांदा मिळाला होता. असं किती जणांच्या नशिबी येतं? मी नाक पुसलं आणि म्हणालो, “हो आबा, हाच.”

“तुन्हा हात बाकी सोनाना शे,” आबा म्हणाले. “कसा सहज निंघना.”

बोल्ट पुसून, नवं ग्रीस लावून पुन्हा तिथेच बसवलाय. हा कागद तुमच्या मेणबत्त्यांच्या डब्यात ठेवतो, दुसरीकडे कुठे टाकणार. रविवारी आबा गाडी न्यायला येतील. तेव्हा त्यांना खरं काय ते सांगीन, असं मी वर लिहिलं होतं, पण ते वाक्य खोडलं. तुमच्यापुढे तरी आता खोटं नको.