ओळखीचं रक्त

४ जानेवारी १९७५, शनिवार. आखाडा बाळापूर

दुपारच्या नांदेड गाडीने पोचले. मन प्रसन्न आहे. हे मी सहसा लिहीत नाही. राहायची सोय जुन्या मुसाफिरखान्यात आहे. भिंतींना नुकताच चुना दिलाय, खिडकीतून करडईची शेतं दिसतात. शेजारच्या दालनातच रक्त तपासायला शिकणाऱ्यांच्या वर्गाची प्रयोगशाळा: दोन मायक्रोस्कोप, रॉकेलवर चालणारा फ्रीज, स्वच्छ धुतलेल्या नलिका. आधीचे मास्तर दिवाळीला गावी गेले ते परतलेच नाहीत. महिनाअखेर मुलांची परीक्षा, म्हणून संस्थेच्या डॉक्टरांनी मला घाईने बोलावलं. निवृत्तीनंतर वर्षभर घरात बसून मी कंटाळले होते. उस्मानियात उर्दूतून रसायनशास्त्र शिकलेल्या बाईला दहा-बारा मुलांची उजळणी घेणं जड नाही.

नलिका धुणारी चतुराबाई भाकरी आणि ठेचा ठेवून गेली. अबोल बाई आहे. मला आवडली.

६ जानेवारी, सोमवार

उजळणी सुरू. मुलांना माहिती बरी आहे, शिस्त नाही. पहिल्याच तासाला बजावलं, बिनचिठ्ठीची बाटली दिसली की मी ती मोरीत ओतणार. चिठ्ठीवर तीन गोष्टी हव्यात: नाव, गट, तारीख. आणि ज्याचं रक्त त्यानेच आपल्या हाताने नाव लिहायचं, म्हणजे अदलाबदल होत नाही.

भावसिंग नावाचा तांड्यावरचा मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, बाईंला रगतापरीस अक्षराचंच लई. सगळे हसले. मी त्याला तास संपेपर्यंत उभं केलं. सगळ्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल राग होता. असू दे. परीक्षेत आठवण काढतील.

८ जानेवारी, बुधवार

रक्तगट. प्रत्येकाने आपलं बोट टोचून गट काढला, मीही काढला. ओ गटाची वर्गात मी एकटीच निघाले.

गट ओळखायचं सिरम खराब झालेलं नाही ना, हे आधी ओळखीच्या रक्तावर पडताळायचं असतं. बी गटाच्या माणसाच्या लाल पेशी बी ओळखणाऱ्या सिरममध्ये टाकल्या की त्यांचे गोळे झाले पाहिजेत. झाले नाहीत तर सिरम फेकून द्यायचं. त्यासाठी इथे फ्रीजमध्ये एक बाटली कायम असते. चिठ्ठीवर वेड्यावाकड्या अक्षरात ‘मुंजाजी’, गट बी, परवाची तारीख. काचपट्टीवर गोळे सुरेख झाले. रक्त उत्तम होतं.

मी विचारलं, हा मुंजाजी कोण, त्याला दूध-अंडं मिळतं की नाही. वर्गातली रुख्मिणी पुटपुटली, की ते चतुराबाईचे मालक. गेल्याच्या मागच्या दसऱ्याला वारले.

११ जानेवारी, शनिवार

चतुराबाईला समोर बसवून विचारलं. मुंजाजी इथे राखणदार होता. दर सोमवारी वर्गासाठी रक्त द्यायचा, कित्येक वर्षं. चिठ्ठीसाठी म्हणून तो स्वतःचं नाव लिहायला शिकला. तेवढंच त्याला लिहिता यायचं. शेवटी पांढराफटक पडला, पाय सुजले. तरी मास्तर म्हणायचे, थोडंच घेतो. तो गेल्यावरही सोमवारी बाटली भरलेली मिळते. ती शेवटच्या थेंबापर्यंत वापरायची, सांडायची नाही. एवढंच तिचं म्हणणं.

मला संताप आला. मुलं कुणाचं तरी रक्त काढतात आणि मेलेल्या माणसाच्या नावावर खपवतात, दुसरं काय! वर्गात सगळ्यांसमोर बाटली उघडली आणि मोरीत ओतली.

चतुराबाईने मोरीच्या तोंडाशी दोन्ही हात धरले. ओंजळ लाल झाली. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “काहून सांडलं, बाई? ते देऊन राहिले व्हते तवर बरं व्हतं. आता कोन देईल?”

भावसिंग हसला नाही.

१३ जानेवारी, सोमवार

फ्रीजला शनिवारीच कुलूप लावलं होतं. किल्ली माझ्या कमरेला. सकाळी उघडलं तर बाटली काठोकाठ भरलेली. चिठ्ठी कोरी. फ्रीज थंड आणि बाटली कोमट.

तपासलं. ए नाही, बी नाही, कुठल्याच सिरममध्ये गोळे होईनात. मुलं म्हणाली सिरम बिघडलं. मी रुख्मिणीचं बोट टोचलं. ती बी गटाची. तिच्या पेशींचे गोळे लगेच झाले. म्हणजे सिरम ठीक आहे. बाटलीतलं रक्त ओ आहे.

अंघोळीच्या वेळी डाव्या कोपराच्या खाचेत सुईची खूण दिसली. ढेकूण असेल.

बाटलीवर नाव नव्हतं. नियम सगळ्यांना सारखा. ओतली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. माझ्या हातावर कुणी तिळगूळ ठेवला नाही. माझ्यासमोर एकमेकांना दिला.

बाटली पुन्हा भरलेली. पुन्हा ओतली. ओतताना मोरीचा कठडा धरावा लागला. मागे कुणीतरी म्हणालं, “ओता, बाई, ओता. बघू कवर पुरतं ते.” वळून पाहिलं तर सगळ्यांची तोंडं मिटलेली.

१५ जानेवारी, बुधवार

भरलेली. ओतली. ओतताना पाहिलं, मोरीतून वाफ येत होती.

१६ जानेवारी, गुरुवार

स्वतःचं हिमोग्लोबिन काढलं. शिकवते तसंच: आम्लात रक्त, मग रंग जुळेपर्यंत थेंब थेंब पाणी. पाणी घालावंच लागलं नाही. असावं त्याच्या निम्मंही नाही. काचपट्टीवर माझ्या पेशी फिकट, मध्ये पोकळ, नुसती कडी. बाटलीतल्या पेशी भरलेल्या, लालबुंद.

दोन्ही माझ्याच आहेत.

आज ओतली नाही. तशीच आहे. खूण ताजी झाली नाही. म्हणजे जेवढं मी सांडते तेवढंच ते—

चतुराबाई दारात बसली होती. आवाज मऊ. “नाव लिवा, बाई. मंग रोज न्हाई. सोमवारचं सोमवार. त्यांनी बी तसंच दिलं.”

आणि मेल्यावर, मी विचारलं. ती म्हणाली, “मेल्यावर बी.”

नाव लिहिणार नाही. कोरी चिठ्ठी म्हणजे बाटली कुणाचीच नाही. हा माझाच नियम आहे. उद्याच्या गाडीने जाते.

१७ जानेवारी, शुक्रवार

रस्त्यापर्यंत गेले. पिशवीसुद्धा जड झाली. वर्ग मागे मागे आला. कुणी मला हात लावला नाही, नुसते वाटेत उभे राहिले. गाडी थांबली. कंडक्टर ओरडला, कोण चढतंय? भावसिंग पुढे झाला. “कोन्नी न्हाई. बाई आमच्या हायेत, तब्येत बराबर न्हाई त्यांची.” मला ओरडायचं होतं. तोंडातून वारा निघाला.

गाडी गेली. मग त्याने पिशवी उचलली, अदबीने. चला बाई, उजळणी राहिलीय.

१८ जानेवारी

डॉक्टर आले. पापणी ओढून पाहिली. लोह घ्या म्हणाले. दारात मुलांना विचारत होते, परीक्षेला ओळखीचं रक्त आहे ना. सगळे एकदम व्हय म्हणाले.

त्यांनी मुंजाजीची पण पापणी अशीच—

१९

पाणी चतुराबाई पाजते. तिचे हात गरम. माझे नाहीत. फ्रीजची किल्ली कमरेला नाही.

कुणीतरी बाटली ओतली. मी नाही. मोरीत आवाज ऐकला, दोनदा. आणि कोपर दुखलं, दोनदा.

मी लिहीपर्यंत ओततील.

२० सोमवार

सगळे खाटेभोवती. ऊन आहे, तरी गार. रुख्मिणी डोळे पुसते पण दार अडवून उभी. भावसिंग विचारतो, मुलं एका सुरात उत्तर देतात. चिठ्ठीवर काय हवं? नाव, गट, तारीख. कुणी लिहायचं? ज्याचं रक्त त्यानं. चांगलं पाठ झालंय. मीच—

बाटली माझ्या मांडीवर. कोमट. चतुराबाईने रोजनिशीवर कोरी चिठ्ठी ठेवली, माझ्या बोटांत टाक धरून. म्हणते, तेवढंच. मग निजा.

लिहिणार नाही. नाही लिहि—

हात माझा—

गट ओ

तारीख २० जानेवारी

नाव