गोडादऱ्याच्या घरात पाच माणसे

२ एप्रिल

सिद्ध करावयाचे विधान: गोडादरा येथील या घरात पाच माणसे राहतात आणि कुटुंबप्रमुख मी आहे.

निमित्त जनगणनेचे. एवढ्या अवाढव्य देशाच्या बेरजेत पाच हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु ती बेरीज अशाच क्षुल्लक आकड्यांची होते. मी धुळ्याच्या कॉलेजात अडतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले. एक आधारविधान चुकले की सगळा निष्कर्ष नासतो, हे मला ठाऊक आहे.

माणसे: मी, पत्नी मंदा, मुलगा दीपक, सून सुवर्णा, नात चंचल. पैकी शेवटचे तिघे गेले दहा महिने शहराच्या दुसऱ्या टोकाला, इच्छापोरला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये असतात, कारण दीपकची फॅक्टरी तिकडे आहे. ही व्यवस्था तात्पुरती आहे. येथे दोनच माणसे लिहिली गेली, तर मुलगा वेगळा झाला असे कागदोपत्री ठरेल. ते मी होऊ देणार नाही.

४ एप्रिल

जनगणनेचे काम आमच्या गल्लीत सुषमाबाईंकडे आहे. शाळेत शिक्षिका. दारावर नंबर घालून गेल्या. फॉर्म भरायला पुन्हा येईन म्हणाल्या. मी आधी व्याख्या मागितली. एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब. निर्दोष व्याख्या. वहीत उतरवून घेतली.

युक्तिवाद: मंदाच्या हातचे लोणचे, पापड आणि कळण्याच्या भाकरीचे पीठ इच्छापोरला जाते. म्हणजे ते तिघे आमच्याच स्वयंपाकघरात जेवतात. अंतराचा उल्लेख व्याख्येत नाही.

दीपकला फोनवर हे समजावले. पंचवीस मिनिटे. "चूल एक तर घर एक," असे सोपे करूनही सांगितले. तो म्हणाला, "बाबा, मान्य. आपण पाच म्हणजे एकच घर." मी म्हणालो, लेखी दे. "ऑनलाइनच भरून टाकतो," म्हणाला. मुलगा आज्ञाधारक आहे.

८ एप्रिल

मंदा इच्छापोरला गेली. चंचलची परीक्षा. दोन दिवसांचा प्रश्न. जाताना कुकर नेला. तिकडचा लहान पडतो म्हणे.

१३ एप्रिल

मंदा अद्याप तिकडेच. परीक्षा संपली, परंतु आता चंचलला सुट्टी लागली आहे.

मिक्सर आणि मोठा तवा गोपाल घेऊन गेला. गोपाल आमचा शेजारी. दीपकच्याच फॅक्टरीत आहे, कंपनीच्या बसने येतो-जातो. रोज संध्याकाळी माझा डबा तोच आणतो. दोन्ही वेळचे त्यात भागते. ही केवळ वाहतुकीची बाब आहे.

तथापि येथील स्वयंपाकघर चालू असल्याचा पुरावा हवा. संकल्प: उद्यापासून स्वतः रांधणे.

१४ एप्रिल

खिचडी. कुकर नाही हे लक्षात आले, तोवर डाळ-तांदूळ भिजले होते. पातेल्यात प्रयोग केला. मध्येच वर्तमानपत्रात लोकसंख्यावाढीवर लेख दिसला. लेखकाने कारण आणि परिणाम यांची सरळसरळ अदलाबदल केली होती. समासात चूक दुरुस्त करेपर्यंत वास आला.

भांडी घासायला येणाऱ्या मालतीबाईंनी पातेले उजेडात धरून विचारले, "सर, हे घासू का पुरू?"

प्रयोगाचा निष्कर्ष राखून ठेवला आहे.

१६ एप्रिल

योजना निर्दोष आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाचही जण येथे पंगतीला बसतील आणि सुषमाबाई ते डोळ्यांनी पाहतील. प्रत्यक्ष प्रमाणापुढे बोलणेच खुंटते. त्या म्हणाल्या, "सर, त्या दिवशी रविवार." मी आमरसाचा उल्लेख केला. येते म्हणाल्या.

१९ एप्रिल, आखाजी

आखाजी इच्छापोरला झाली. मांडे भाजायचे खापर तिकडे आहे. केव्हा गेले, मला कळवण्यात आले नाही. सुषमाबाईंना फोन करून मंगळवारी बोलावले. आमरसाबद्दल त्यांनी विचारले. विषय बदलला.

फ्लॅटमध्ये पूर्वेच्या खोलीत पुस्तकांचे नवे कपाट आहे. पूर्ण रिकामे. ही उधळपट्टी आहे, असे सुवर्णेला स्पष्ट सांगितले. ती म्हणाली, "भरायचंय, बाबा." काय भरणार, कोण जाणे; त्या घरात कोणी वाचत नाही.

मांडे चार खाल्ले. दुपारी त्या खोलीत झोप चांगली लागली. प्रस्तुत विधानाशी याचा संबंध नाही.

२१ एप्रिल, रात्री आठ

सुषमाबाई सायंकाळी आल्या. मंदाही लोणच्याच्या बरण्या न्यायला आली होती. मी सिद्धता मांडली: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण. सुषमाबाईंनी डोळे मिटून ऐकले. एकाग्रता असावी.

तेवढ्यात मंदा म्हणाली, "अहो बाई, दीपकने भरलंय तिकडे. पाच माणसं. पहिलं नाव ह्यांचंच."

मी हरकत घेतली. मी राहतो येथे. सुषमाबाईंनी विचारले, "पण सर, जेवता कुठलं?" उत्तराची रचना मनात चालू असतानाच दारात गोपाल. "काका, डबा. सुवर्णावहिनी म्हणे, गरम आहे तोवर खाऊन घ्या, नाहीतर पुस्तक घेऊन बसतील."

मंदाने डब्याकडे बोट दाखवले. "चूल तठे शे, इच्छापोरला. चूल एक तर घर एक, तुमचंच म्हणणं ना?"

या युक्तिवादात दोष शोधला. सापडला नाही. मंदा तर्कशास्त्र कधीही शिकलेली नाही.

सुषमाबाईंनी मोबाइल काढला. "मग हे घर रिकामं लिहू?" मी समोर खुर्चीत बसलेला असताना! मंदा म्हणाली, "लिहा. रविवारी टेम्पो सांगितलाय."

एकाच घरातली माणसे दोनदा मोजता येत नाहीत, हे मलाच मान्य करावे लागले. भाकरी गरम होती.

२२ एप्रिल

मागील सर्व पाने पुन्हा तपासली. व्याख्या बरोबर. आकडा बरोबर. मुलगा वेगळा झालेला नाही, हे सिद्ध. कुटुंबप्रमुखाचे नावही बरोबर. माझ्याकडून एकच चूक झाली, ती मान्य करतो: घर चुकले.

श्रीरंग भगवान देवरे
मुक्काम गोडादरा, रविवारपर्यंत